वस्तऱ्याला धार कशी लावतात? आजोबांचा वस्तरा दगडावर घासण्याआधी हे वाचा

दाढीचे रील्स बघताना एक आवाज हमखास कानावर येतो. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा पुढे-मागे फिरतोय, चट्, चट्, चट्. मग फेस, मग गालावरून सरसर उतरणारं पातं. बघायला भारी वाटतं. मग कुणाला तरी आठवतं की गावच्या घरी ट्रंकेत आजोबांचा असाच एक वस्तरा पडलाय. तो बाहेर निघतो. काळवंडलेला, बोथट, मुठीला चीर गेलेला. आणि पहिला विचार येतो, याला जरा धार लावून आणू.

गडबड इथेच होते. सुऱ्या-कात्र्यांना चाकावर धार लावून देणाऱ्याकडे हा वस्तरा दिला, तर दोन मिनिटांत ठिणग्या उडतात आणि वस्तरा कायमचा कामातून जातो. त्यात धारवाल्याची चूक नसते. त्याचं चाक विळी-कोयत्यासाठी उत्तम असतं. वस्तऱ्याची धार हे प्रकरणच वेगळं आहे. ते घरी, हाताने, दगडावर शिकता येतं, पण त्यासाठी आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी: सगळा खेळ पहिल्या, सर्वांत खरखरीत दगडावर ठरतो. नवशिके तिथेच घाई करतात आणि मग महागड्या बारीक दगडांवर तासन्‌तास हात चालवत बसतात.

सविस्तर बघूया.

सलूनमधला वस्तरा तो हा नव्हे

आज कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढी करताना जो वस्तरा दिसतो, तो खरं तर नुसता धारक असतो. कारागीर आपल्यासमोर नवं ब्लेड मधोमध मोडतो, अर्धं त्यात सरकवतो आणि काम झालं की फेकून देतो. रक्तातून पसरणाऱ्या आजारांबद्दल जागरूकता वाढली, तसा हा प्रकार सगळीकडे रुळला आणि ते चांगलंच झालं. त्याला धार लावण्याचा प्रश्नच येत नाही.

आपण बोलतोय तो अखंड पोलादाचा वस्तरा. पातं एकच, ते बदलत नाही, बोथट झालं की पुन्हा धार लावायची. पूर्वी नाभिक कारागिराच्या धोकटीत वस्तऱ्यासोबत धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा असायचा तो यासाठीच. धार लावणं हा दाढीच्या कामाचाच अर्धा भाग होता.

हे फक्त आपल्याकडे नव्हतं. फ्रान्समधल्या जाँ-जाक पेरे या सुऱ्या-वस्तरे बनवणाऱ्या कारागिराने १७६९ मध्ये 'पोगोनोटोमी' नावाचं पुस्तक छापलं. लोकांनी न्हाव्याची वाट न बघता स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, हा त्याचा विषय. पण पुस्तकाच्या लांबलचक नावातच त्याने सांगून टाकलं होतं की यात धार लावायचे दगड कसे ओळखायचे आणि चामडं कसं तयार करायचं तेही आहे. दाढी शिकायची तर दगडही शिकावा लागेल, हे अडीचशे वर्षांपूर्वीही स्पष्ट होतं.

मग किंग जिलेट आला. बदलत्या ब्लेडच्या रेझरचं अमेरिकन पेटंट त्याला १९०४ मध्ये मिळालं, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या सामानात असे रेझर गेले आणि दगड-पट्टा घराघरांतून हळूहळू नाहीसा झाला. धार लावता न येणाऱ्या माणसालाही रोज धारदार ब्लेड मिळू लागलं, हाच तर त्या शोधाचा मुद्दा होता.

जुन्या बाजारात किंवा घरच्या पेटीत सापडणाऱ्या वस्तऱ्यांवर बरेचदा इंग्लंडमधल्या शेफिल्डचं किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचं नाव कोरलेलं असतं. शेफिल्डला १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची पद्धत बसवली आणि वस्तऱ्यांसाठी लागणारं दर्जेदार पोलाद तिथे तयार होऊ लागलं. झोलिंगेन तर आजही पात्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं, आणि ते नाव कुणी पात्यावर घालायचं याला जर्मनीत कायदा आहे. सांगायचा मुद्दा हा, की शंभर वर्षांचा वस्तरा सापडला तर तो टाकाऊ समजू नका. पोलाद चांगलं असेल तर तो आजही दाढी करू शकतो.

धार म्हणजे नेमकं काय?

वस्तरा उघडून त्याच्या टोकाच्या बाजूने बघा. आकार पाचरीसारखा दिसेल. वरची पाठ जाड, खाली निमुळतं होत गेलेलं पातं. बऱ्याच वस्तऱ्यांच्या दोन्ही गालांना आत खळगा असतो, म्हणून मधलं पातं कागदासारखं पातळ होतं.

धारेजवळ दोन्ही बाजूंना अगदी अरुंद, चकचकीत, सपाट पट्टे दिसतील. इंग्रजीत त्याला बेव्हल म्हणतात. आपण उतार म्हणू. हे दोन उतार जिथे एकमेकांना भेटतात ती रेषा म्हणजे धार. दोन्ही उतार अगदी शेवटपर्यंत पोचून भेटले तर वस्तरा कापतो. मध्ये केसाच्या शतांश भागाइतकी जरी गोलाई राहिली तरी तो बोथट. धार लावणं म्हणजे पोलाद 'टोकदार करणं' नव्हे, दोन सपाट पृष्ठभाग घासत नेऊन एकमेकांना भेटवणं. एवढं एक वाक्य समजलं तरी पुढचं सगळं सोपं जातं.

आता वस्तरा बनवणाऱ्यांची हुशारी बघा. सुरीला धार लावताना कोन आपल्याला हाताने सांभाळावा लागतो आणि नवशिक्याचा हात हलतोच. वस्तऱ्यात ती अडचण नाही. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायची, बस्स. पाठीची जाडीच कोन ठरवते. समजा पातं १६ मिलिमीटर रुंद आहे आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड, तर दोन्ही उतारांमधला एकूण कोन साधारण १६ अंश येतो. स्वयंपाकघरातल्या सुरीचा हाच कोन बहुधा ३० ते ४० अंशांचा असतो. म्हणजे वस्तऱ्याची धार सुरीच्या निम्म्या कोनाची, तितकीच नाजूक.

म्हणूनच पाठ दगडावरून उचलायची नाही. अजिबात नाही. एकदा जरी पाठ उचलली गेली, तरी धारेचं टोक दगडावर घासून गोल होतं आणि आधीचं काम वाया जातं.

चाकावर वस्तरा का बिघडतो, तेही आता लक्षात येईल. पहिलं म्हणजे तिथे हा कोन पाळला जात नाही. दुसरं, कोरड्या फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. वस्तऱ्याचं पोलाद ठरावीक तापमानाला आब देऊन कडक केलेलं असतं. त्याच्या वर गेलं की धारेचा कडकपणा उतरतो. धारेवर निळसर-जांभळी झाक आली तर समजायचं, तिथलं पोलाद मऊ पडलं. पुढे त्यावर कितीही दगड फिरवा, धार टिकणार नाही.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पोलाद केसापेक्षा कितीतरी पटींनी कठीण, मग केस कापून ते बोथट होतंच कसं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी याचा शोध घेतला आणि तो २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. त्यांच्यातल्या एकाने चक्क स्वतःची दाढी करून त्या ब्लेडची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असलेल्या पोलादाचेही बारीक टवके उडालेले दिसले. केस तिरका वाकून धारेला भिडतो आणि तिथे पोलादाची आतली रचना एकसारखी नसेल, तर टवका निघतो. अभ्यास फेकायच्या रेझरच्या ब्लेडवर झाला होता, पण अखंड वस्तऱ्यालाही केस तेच भेटतात. धार लावणं हे म्हणूनच एकदाचं काम होत नाही.

आधी वस्तरा तपासा

पेटीतून निघालेल्या प्रत्येक वस्तऱ्यावर मेहनत घेण्यात अर्थ नसतो. पात्याला आडवी चीर गेली असेल तर तो कपाटात शोभेला ठेवा, चेहऱ्याजवळ नेऊ नका. धारेवर बारीक टवके असतील तर ते घासून निघतात, पण मोठा टवका म्हणजे पात्याची रुंदीच कमी करावी लागते. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. पाठीजवळचा गंज दिसायला वाईट, कामाला निरुपद्रवी. धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असतील तर मात्र अवघड आहे, कारण घासता घासता धार त्या खड्ड्यापर्यंत पोचली की तिथे ती सळसळून तुटते.

मुठीकडेही बघा. जुन्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड जुनं झालं की कुजायला लागतं आणि त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी पातं गंजतं. बाकी पातं छान, पण मुठीत झाकला जाणारा भागच गंजलेला, असं दिसलं तर दोषी मूठ असू शकते. ती बदलावी लागते.

वस्तरा कुणाचा होता ते माहीत नसेल, विशेषतः तो जुन्या बाजारातून आणला असेल, तर सफाईला कंटाळा नको. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. वर्षानुवर्षं ट्रंकेत पडलेल्या वस्तऱ्यावर तो असेल असं नाही, पण बाजारातला वस्तरा काल कुणी वापरला होता हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? साबणाच्या पाण्याने नीट घासा, मग ७० टक्के अल्कोहोलने पातं आणि मुठीची आतली बाजू पुसून घ्या. उकळू नका, शिंग आणि सेल्युलॉइडची वाट लागते. आणि स्वतःचा वस्तरा भावाला, मित्राला, कुणालाही द्यायचा नाही.

दगडांचे नंबर

रंगकाम करणाऱ्याकडे पॉलिश पेपरचे नंबर असतात, तसेच दगडांचे. नंबर वाढला की कण बारीक. सध्या नवशिक्यांसाठी सोयीचे म्हणजे पाण्यावर चालणारे कृत्रिम दगड. १००० नंबरच्या जपानी दगडातला कण साधारण १२ ते १५ मायक्रॉनचा, ४००० चा सुमारे ३ आणि ८००० चा एक-दोन मायक्रॉनचा. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन, आणि डोक्याचा केस ढोबळमानाने ५० ते १०० मायक्रॉन जाड. यावरून अंदाज येईल.

या कृत्रिम दगडांतला बराचसा माल म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. निसर्गात तेच खनिज कुरुंद म्हणून सापडतं, आणि धारेसाठी कुरुंदाचा दगड आपल्याकडे जुना आहे. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द तर आपल्या उपखंडातूनच, दक्षिणेतल्या भाषांतल्या 'कुरुंदम'वरून गेलेला. त्यामुळे जपानी डब्यातून आलेला दगड अगदीच परका मानायचं कारण नाही.

नैसर्गिक दगडांचे वेगळे चाहते आहेत. बेल्जियममधल्या आर्देन भागात कॉटिक्युल नावाचा पिवळसर दगड निघतो, त्यात गार्नेटचे असंख्य सूक्ष्म कण असतात. काही लोक सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या एकाच दगडावर काम करतात. दिसतो सुंदर, किंमतही तशीच, आणि तो वापरायला शिकणं हा स्वतंत्र अभ्यास आहे. सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका. १०००, ४०००, ८००० हे तीन पुरतात. त्यापुढे १२००० चा घेतला तर दाढी आणखी मऊ होते, पण तो नंतरही घेता येतो.

दगड घेतला तरी लगेच वस्तरा टेकवू नका. दगड सपाट हवा. नवा दगडही बरेचदा अगदी सपाट नसतो, आणि वापरात तो मध्ये खोलगट होतोच. पृष्ठभागावर पेन्सिलने चौकटी आखा. जाड काचेवर वॉटर पेपर ओला करून चिकटवा आणि त्यावर दगड घासा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. मध्ये रेघा उरल्या म्हणजे तिथे अजून खड्डा आहे. कडाही किंचित गोल करून घ्या, नाहीतर तीक्ष्ण कडेवर धार अडकते.

१००० चा दगड: खरं काम इथे

दगड ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. काही दगड दहा-पंधरा मिनिटं भिजवावे लागतात, काहींवर नुसतं पाणी शिंपडायचं असतं. कोणता कसा ते पाकिटावर लिहिलेलं असतं, आणि भिजवायचा नसलेला दगड भिजवला तर तो तडकू शकतो. पण वापरताना पाणी हवंच. बिनपाण्याची हजामत इथेही वाईटच.

आता एक साधी युक्ती. मार्कर पेनने दोन्ही उतार धारेपर्यंत रंगवा. वस्तरा उघडून पात्याच्या मागची शेपटी अंगठा आणि तर्जनीत धरा. पाठ आणि धार दोन्ही दगडावर सपाट टेकवा आणि धार पुढे ठेवून ढकला, जणू दगडावरचा पातळ पापुद्रा सोलून काढायचाय. टोकाला पोचलात की वस्तरा पाठीवरच उलटा फिरवा, म्हणजे पाठ दगडावर टेकलेली राहते आणि धार वरून फिरून दुसऱ्या बाजूला येते. मग तशीच धार पुढे ठेवून स्वतःकडे ओढा. ही एक फेरी.

वस्तऱ्याचं पातं साधारण साडेसात सेंटिमीटर लांब आणि दगड जेमतेम सात सेंटिमीटर रुंद, त्यामुळे सरळ ढकललं तर पात्याचा एक भाग दगडाबाहेर राहतो. म्हणून तिरकं ढकलायचं. सुरुवात मुठीकडच्या टोकापासून करायची आणि पुढे जाता जाता पातं बाजूला सरकवत नेऊन शेवट दुसऱ्या टोकावर करायचा. दोन्ही बाजूंच्या रेघा मिळून फुली होते, म्हणून याला फुलीचा हात म्हणता येईल. धारेला थोडी बाहेरच्या बाजूला कमान असलेले, हसरे वस्तरेही असतात, त्यांना तर याशिवाय पर्याय नाही.

पाच-सहा फेऱ्यांनंतर थांबा आणि मार्करची शाई बघा. शाई पूर्ण गेली, तर दगड धारेपर्यंत पोचतोय. उताराच्या वरच्या भागातली गेली पण अगदी कडेला बारीक रेघ उरली, तर उतार अजून भेटलेले नाहीत. टोकाकडे गेली आणि मुठीकडे राहिली, तर हात एका बाजूला झुकतोय. शाई खोटं बोलत नाही.

दाब किती द्यायचा? पहिल्या टप्प्यात हलका, साधारण एका बोटाचा भार. जास्त दाबलं तर पातळ पातं वाकतं, धार दगडावरून उचलली जाते आणि नुसतं मधलं पोलाद झिजतं. फेऱ्या किती, याचं एक उत्तर नाही. बरा वस्तरा ४०-५० फेऱ्यांत जमतो. वर्षानुवर्षं बोथट पडलेल्याला तासभरही लागतो. वीस-वीस फेऱ्या करायच्या, पुसायचं, बघायचं, पुन्हा करायच्या.

पहिला दगड संपला हे कसं ओळखायचं? वस्तरा दिव्याखाली धरा, धार थेट डोळ्यांसमोर, वर. बोथट धारेवरून प्रकाश परततो, पांढरी बारीक रेघ किंवा ठिपके चमकतात. खरी धार दिसतच नाही, कारण प्रकाश परतायला तिथे पृष्ठभागच उरलेला नसतो. जिथे ठिपका चमकला, तिथे काम बाकी. सोबत दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग असेल तर आणखी सोपं. दुसरी परीक्षा हाताच्या केसांची: कातडीच्या अगदी लगत पातं फिरवलं की केस उडायला हवेत, आणि पात्याच्या पूर्ण लांबीवर, दोन्ही टोकांनाही उडायला हवेत. मधल्या भागाने केस काढले म्हणून खूश होऊन पुढच्या दगडाकडे वळणं, ही सर्वांत जास्त दिसणारी घाई. पुढचे दगड फक्त ओरखडे बारीक करतात. न भेटलेले उतार भेटवणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. ३ मायक्रॉनच्या कणांनी ते करायला बसलात तर दिवस जाईल.

नखावर धार ओढून बघण्याची एक जुनी पद्धत आहे. ती चालते, पण प्रत्येक वेळी धारेचं थोडं नुकसान करते, म्हणून १००० च्या पुढे वापरू नका.

पाठ झिजू नये म्हणून काही जण तिच्यावर इलेक्ट्रिकची इन्सुलेशन टेप लावतात. एका थराने कोन साधारण एका अंशाने वाढतो. सुंदर नक्षीच्या पाठीला हे ठीक. अट एकच, पहिल्या दगडाला लावली तर शेवटपर्यंत तीच ठेवायची. मध्येच काढली की कोन बदलतो.

पुढचे दगड

४००० वर तेच हात, दाब कमी. १००० चे खरखरीत ओरखडे जाऊन उतार आरशाकडे झुकायला लागतात. तीस-चाळीस फेऱ्या पुरतात. दगड बदलताना वस्तरा आणि हात धुवा, १००० चा एक कण जरी पुढच्या दगडावर गेला तरी ओरखडा पडतो. ८००० वर शेवटच्या पंधरा-वीस फेऱ्या तर फक्त वस्तऱ्याच्या वजनावर. पातं पुढे जाताना समोर पाण्याची छोटी लाट ढकलत नेतं आणि दगडाला किंचित चिकटल्यासारखं वाटतं, ते चांगलं लक्षण.

'अजून थोडं' म्हणत घासत राहू नका. जास्त घासलं, त्यातही दाबून, की धारेच्या टोकावर गवताच्या कुसासारखी पोलादाची अतिपातळ कड उठते. केस कापण्याच्या परीक्षेत ती झकास पास होते आणि गालावर दुसऱ्याच ओढीला मोडते. मग आग होते ती वेगळी.

पट्ट्याने धार लागत नाही

रील्समुळे झालेला हा मोठा गैरसमज. चामड्यावर फिरवल्याने बोथट वस्तरा धारदार होत नाही. लागलेल्या धारेची सूक्ष्म वाकलेली कड सरळ होते, गुळगुळीत होते, इतकंच. पण ते दर दाढीआधी करावंच लागतं.

इथे दिशा उलटी. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागून फरफटत. चुकून धार पुढे गेली तर पट्टा कापला जातो, आणि पट्टा ताणलेला हात तिथेच असतो. वळताना पुन्हा तेच, वस्तरा पाठीवर फिरवायचा. पट्टा ताठ धरा. सैल सोडला तर चामडं धारेभोवती वळतं आणि तासाभराची मेहनत दहा फटक्यांत गोल होते. रील्समधला वेग विसरा, सावकाश चाळीस-पन्नास फेऱ्या करा. आवाज नंतर आपोआप येईल.

पट्ट्याची सवय नसेल तर पहिला पट्टा स्वस्तातला घ्या. तो कापला जाणार, हे गृहीत धरा.

परीक्षा आणि पहिली दाढी

डोक्याचा एक केस टोकाला धरून लोंबकळता ठेवायचा आणि धारेवर अलगद टेकवायचा. तो तुटून पडला तर धार चांगली. ही परीक्षा प्रसिद्ध आहे, पण केस जाड-बारीक, कोरडा-तेलकट असेल तसा निकाल बदलतो. शेवटचा निकाल दाढीच देते. केस न ओढता निघाले आणि नंतर आग झाली नाही, तर जमलं. ओढले गेले तर १००० वर परत, ८००० वर नव्हे.

पहिल्या दिवशी फक्त गाल. पातं कातडीशी साधारण ३० अंशांवर, कातडी दुसऱ्या हाताने ताणलेली, केसांच्या दिशेने आखूड ओढ. हनुवटी आणि गळा काही आठवड्यांनी. मुरमं असतील, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा हात थरथरत असेल तर हा नाद चेहऱ्यावर करू नका. दगडाचं काम मात्र तरीही शिकता येईल.

आता प्रश्न क्रमाचा. आजोबांचा वस्तरा एकच आहे आणि झिजलेलं पोलाद परत येत नाही. त्यामुळे शिकायला तो घेऊ नका. जुन्या बाजारातून चीर नसलेला एखादा साधा वस्तरा आणा आणि हात त्याच्यावर बसवा. शक्य असेल तर जाणकाराने धार लावून दिलेला एक वस्तराही जवळ ठेवा. चांगली धार गालावर कशी लागते हेच माहीत नसेल, तर आपली धार कुठवर आली ते कळणार कशावरून? दोन-तीन वस्तरे जमले, सगळ्या लांबीवर केस उडू लागले, की मग पेटीतला काढा.

एकदा नीट लागलेली धार रोज पट्टा मिळाला तर काही महिने चालते. ओढ जाणवायला लागली की ८००० वर दहा-पंधरा हलक्या फेऱ्या पुरतात, पुन्हा १००० पर्यंत जायची गरज टवका उडाल्याशिवाय पडत नाही. विलायतेत पूर्वी आठवड्याच्या सात वारांची नावं कोरलेले सात वस्तऱ्यांचे संच मिळायचे, रोज एक वापरायचा, म्हणजे दगडाची वेळ आणखी लांबते. आपल्याला इतकी चैन नको. पण दाढी झाल्यावर पातं धुऊन, पाठीकडून धारेकडे पुसून, पूर्ण कोरडं करा. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. आणि पावसाळ्यात, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर खासच, पात्याला खोबरेल नको, ते चिकट होतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने दोन्ही गालांवर पसरवून मगच वस्तरा मिटवा.